अर्धा राहिलेला धवला

मी हे रोज पंधरा मिनिटं लिहिते. गजर झाला की वही मिटायची, वाक्य अर्धं राहिलं तरी, असा नियम आहे. नियम माझ्या सुनेनं केलाय. तो मोडला की ती माझ्याकडे अशी बघते की मोडण्यातली मजाच जाते. तेव्हा मध्येच कुठे धागा तुटल्यासारखा वाटला तर गजर झाला असं समजा.

लिहायला लावलं भाविकानं. ती उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात फिजिओथेरपीचा दवाखाना चालवते. सिंधी मुलगी, माझ्या सुनेच्याच वयाची. "आंटी, मेरी बात तो सब इस कान से सुनके उस कान से छोड देते हैं," ती म्हणाली. "तुम्ही लिहा. तुमचं वाचतील." अर्धांगाचा झटका येऊन गेला, हातपाय सुधारले, आणि तरीही अकरा वाजता उभं राहवत नाही, अशी पुष्कळ माणसं तिच्याकडे येतात. घरचे म्हणतात, सोंग आहे. हे त्या माणसांसाठी लिहिलंय. घरच्यांसाठी जरा जास्तच.

मी वनिता, वय छप्पन्न. अंबरनाथ पूर्वेला पालेगावच्या जुन्या आळीत राहते. आळीच्या तिन्ही बाजूंना आता उंच इमारती उभ्या राहिल्यात, आमच्या अंगणात ऊन दहा वाजता येतं. पण लग्नं अजून आमच्याच पद्धतीनं लागतात. आम्ही आगरी. आमच्या लग्नात प्रत्येक विधीचं वेगळं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात, आणि ते म्हणणारी ती धवलारीण. मी धवलारीण आहे. मला माझ्या सासूनं शिकवलं. धवलारीण एक ओळ म्हणते, मागच्या बायका तीच ओळ उचलून पुन्हा म्हणतात, मग पुढची ओळ. आणि एक गोष्ट आमच्या आळीत अगदी पक्की आहे. सुरू केलेला धवला अर्धा सोडायचा नाही. वीज जाऊ दे, भांडण होऊ दे, पुरा करूनच उठायचं.

मी एकदा अर्धा सोडला, आणि माझं आजारपण तिथूनच सुरू झालं.

जात्यावरचा हात

आळीतल्याच एका मुलीची हळद दळायची होती. सकाळचे नऊ वाजले असतील. जात्याला आंब्याची पानं बांधलेली, पाच सवाष्णी खुंट्याला हात लावून बसलेल्या, आणि मी देव बोलवायचा धवला म्हणत होते. यात एकेका देवाचं नाव घेऊन त्याला लग्नाला या म्हणून बोलवायचं असतं. आधी घरातले देव, मग शिवेवरचे, मग डोंगरावरचे, आणि सगळ्यांत शेवटी आमच्या आळीची गावदेवी. माझ्या उजव्या हाताला हिराकाकी बसली होती, नेहमीच्या जागी.

हिराकाकी माझी चुलत सासू. सत्तरी उलटलेली, काटकुळी, आवाज फाटका. तीस वर्षं ती माझ्या मागून ओळी उचलत आलीय. खरं सांगायचं तर मी तिला कधी हिशेबात धरलंच नव्हतं. गळा माझा होता, नाव माझं होतं, मानाची साडी मला मिळायची. काकी म्हणजे माझ्या शेजारचं पाट-पाणी, असायचंच ते.

मला स्वतःला काहीच कळलं नाही. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती. जात्याजवळचा तांब्या जरा लांब सरकल्यासारखा वाटला, एवढंच. मी आपली म्हणत होते. तेवढ्यात काकीनं जात्यावर पालथा हात ठेवला आणि जातं थांबवलं.

"थांबा गो. वनिताचा तोंड वाकरा झालाय."

कुणीतरी हसलं. नवरीच्या आईचा चेहरा मात्र पडला. "काकी, धवला चाललाय! अर्ध्यान कसा थांबवतंस?"

"धवला मंग बोलू," काकी म्हणाली. "आदी हिला दवाखान्यान न्या. शीतल, गारी काढ!"

मला काही झालेलं नाही असं मी सांगायला गेले, तर तोंडातून आलं ते कुठल्याच भाषेतलं नव्हतं. तेव्हा मी घाबरले.

शीतल माझी सून. बदलापूरला कात्रपमध्ये फ्लॅटमध्ये वाढलेली, घरी बसून कॉम्प्युटरवर काम करणारी. आमची बोली तिला तेव्हा अर्धीमुर्धीच कळायची. पण 'गारी काढ' तिला बरोब्बर कळलं. मुलगा एमआयडीसीत पाळीवर होता, माझे मिस्टर टेम्पो घेऊन बाहेर होते. बायकांतली एक दृष्ट काढायला मीठ-मोहरी आणायला धावली होती, दुसरी म्हणत होती आधी देवीला नारळ ठेवू. शीतलनं कुणाचं ऐकलं नाही. तिनं मला गाडीत घातलं, काकी हळदीच्या हातांनी मागे येऊन बसली, आणि आम्ही उल्हासनगरच्या एका हॉस्पिटलात पोचलो.

डॉक्टर म्हणाले, फार वेळेवर आणलंत. ते पुढे हेही म्हणाले की घरातल्या माणसांना इतक्या लवकर सहसा लक्षात येत नाही. "आजी, तुम्हाला कसं कळलं?"

"दिसला मना," काकी म्हणाली. हे मला शीतलनं नंतर सांगितलं.

नऊ दिवस

औषधांबद्दल मी लिहिणार नाही, ते डॉक्टरांचं काम. मला आठवतं ते वेगळं.

रोज सकाळी नर्स यायची आणि विचारायची, नाव काय, आज वार कोणता, हात वर करा. मला सगळं माहीत असायचं. पण 'वनिता' म्हणायला गेलं की तोंडात भाताचा गोळा धरल्यासारखा आवाज यायचा, आणि उजवा हात खांद्यापर्यंत येऊन परत जायचा. शाळेत कधी नापास झाले नाही, तिथे रोज सकाळी व्हायचे.

खरी भीती हाताची नव्हती. ती कुणाला सांगितली नाही, आज लिहिते. मला वाटत होतं, धवले गेले. सासूनं ते कागदावर लिहून दिले नव्हते, डोक्यात घातले होते, आणि आता त्याच डोक्यात काहीतरी फुटलं होतं की अडकलं होतं. पहिल्या रात्रीनंतर जरा शुद्ध आली तशी मी चादरीखाली डाव्या हाताची बोटं मोजत देवांची नावं मनातल्या मनात घेतली. घरातले, शिवेवरचे, डोंगरावरचे. सगळे होते. मी इतकी रडले की नर्स धावत आली, तिला वाटलं दुखतंय.

माझ्या धाकट्या जावेच्या मुलीला, प्रणालीला, मी ती पाच वर्षांची असताना शब्द दिला होता, तुझ्या लग्नात देव मी बोलवीन. ती माझ्याच मांडीवर वाढलेली. मला मोठीआय म्हणते. तिचं लग्न नुकतंच ठरलं होतं, पुढच्या मोसमातलं. त्या खाटेवर मी एकच धरून ठेवलं होतं, तोवर उभं राहायचं.

शेजारच्या खाटेवर एक सिंधी आजी होत्या. त्यांची मुलगी रोज घरून कोकी आणायची, म्हणजे कांदा-मिरची घातलेली त्यांची जाड पोळी. चौथ्या दिवशी तिनं मला विचारलंही नाही. एक तुकडा मऊ करून, दह्यात बुडवून, माझ्या तोंडाच्या चांगल्या बाजूला ठेवला. चार दिवसांत मला चव लागलेला तो पहिला घास. त्या मुलीचं नाव विचारायचं राहून गेलं.

बघायला आलेली माणसं

आमच्याकडे माणूस आजारी पडलं की त्याला बघायला जायचं असतं. न जाणं म्हणजे वैर. मी घरी आले आणि आळी लोटली. पाहुणे शिरगावहून आले, डोंबिवलीहून आले, एक तर चुकून दुसऱ्याच वनिताला बघायला आलेले होते, पण चहा घेऊन गेले.

येणारा प्रत्येक जण आपल्याकडचा एक लकव्याचा पेशंट घेऊन यायचा, म्हणजे गोष्टीत. कुणाचा मामा अंथरुणातच गेला, कुणाची आत्या कबुतराच्या रक्तानं बरी झाली. अंगावरून वारा गेलाय, पंखा बंद करा, असं म्हणून एकीनं भर दुपारी पंखा बंद केला. आणि मी? मी उशीला टेकून, केस नीट करून, प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगत होते. आले त्यांचा मान ठेवायला नको? चार वाजेपर्यंत माझी जीभ जड व्हायची, डोळ्यांपुढे माणसांची तोंडं नुसती हलताना दिसायची, आणि ती गेली की मी भिंतीकडे तोंड करून पडायचे.

शेवटी शीतलनं दाराला कागद लावला. 'आई झोपल्या आहेत. चहा घ्या आणि जा.' आळीत वादळ झालं. माझे मिस्टर चिडले, "लोका काय बोलतील?" शीतल म्हणाली, "बाबा, लोकांना मी उत्तर देईन. तुम्ही फक्त कागद काढू नका." नवी सून सासऱ्याला असं बोलते म्हणून मलाही तेव्हा राग आला होता. आज त्या कागदाला मी फ्रेम करून लावायला तयार आहे.

हिराकाकीला कागद लागू नव्हता. ती मागच्या दारानं यायची. वालाच्या शेंगा घेऊन यायची, माझ्या पायाशी बसून सोलायची. मी काही बोलायला लागले की म्हणायची, "गप रव. मी बोलायला नाय आयले." सोलून झालं की शेंगांची सालं पदरात घेऊन जायची. आजारी माणसाजवळ कसं बसावं हे मला तिच्याकडून कळलं.

हात चालतो, पाय चालतो

चार महिन्यांत माझं बोलणं सुधारलं. हात सुधारला, मी भाकरी थापायला लागले. डॉक्टर खूष, रिपोर्ट चांगले. आणि इथून माझे खरे वाईट दिवस सुरू झाले, कारण आता आजारी दिसण्याचीही सोय राहिली नाही.

हा थकवा कसा असतो ते सांगते. भात लावून घरी आलं की जो थकवा येतो तो चांगला थकवा. बसलं, पाणी प्यायलं की उतरतो. हा तसा नाही. सकाळी उठले की मी ठणठणीत. केस विंचरायला घेतले की अर्ध्या वेणीत काहीतरी बंद पडायचं. हात दुखत नसायचा, पण पुढचा पेड कुठला घ्यायचा एवढा विचारसुद्धा डोंगराएवढा वाटायचा. टीव्ही चालू असताना मिक्सर लागला की मी थकायचे. दोन माणसं एका वेळी बोलली की थकायचे. एकदा कोथिंबीर निवडता निवडता रडायला लागले. कारण काहीच नव्हतं, कोथिंबीरही चांगली होती.

"हात चालतो, पाय चालतो, मंग झाला काय?" मिस्टर म्हणायचे. वाईट माणूस नाही, पण घाबरलेला माणूस चिडका होतो. एकदा पाहुण्यांसमोर मी अकरा वाजता आत जाऊन झोपले तर ते चार दिवस नीट बोलले नाहीत. धाकटी जाऊ सुनंदा तोंडावर काही म्हणायची नाही, पण विहिरीवर कुणाला तरी म्हणाली होती की वहिनीला आता बसून खायची सवय लागली. विहिरीवरचं बोलणं आमच्याकडे संध्याकाळपर्यंत घरी येतं.

सगळ्यांत वाईट म्हणजे मलाही तेच वाटायला लागलं होतं. जन्मभर मी कामाला वाघ. आता मीच मला आळशी म्हणत होते, आणि ते खोटं पाडायला मी एक मूर्खपणा केला.

शिरगावची हळद

झटक्याला दहा महिने होत आले होते. बदलापूरला शिरगावात माझ्या नणंदेच्या घरी लग्न होतं. नुसतं बसायला ये, म्हणाली. त्या दिवशी मला फार बरं वाटत होतं. या आजारात अशा चांगल्या दिवसांपासून जपावं, ते माणसाला फसवतात. मी जात्याजवळ बसले, कुणीतरी म्हणालं, "वनितावहिनी, एक तरी बोल ना." मी एक सुरू केला.

आणि सुरू केला म्हणजे पुरा करायलाच हवा. चौथ्या-पाचव्या ओळीला मला कळलं की अंगातलं पाणी आटत चाललंय. शीतलनं दारातून खुणा केल्या. मी बघितलं नाही. गेल्या वेळी माझा धवला मोडला होता, त्याची कुजबुज अजून चालू होती की त्या मुलीच्या संसाराला हे बरं नाही. पुन्हा मोडला तर मी तोंड कसं दाखवू? एक पुरा केला, मग दुसरा मागितला, तोही केला. मानानं उठले, मानानं गाडीत बसले. गाडी वळणावर गेली आणि मला सीटबेल्ट लावता येईना.

तीन दिवस मी उठले नाही. खरंच उठले नाही. शीतलनं मला चमच्यानं पेज भरवली. पुन्हा झटका आला की काय म्हणून हॉस्पिटलात जाऊन आलो. तसं काही नव्हतं. नुसता थकवा होता.

त्या तीन दिवसांत सुनंदा आली, उशाशी बसली आणि हळूच म्हणाली, "वैनी, प्रणालीचे लग्नाला तू नुसती बस. धवले पेन ड्राईव्हवर मिळतान. डीजेवाला लावील." ती वाईट बोलली नाही. तिच्या मुलीचं लग्न होतं, तिला मोडलेला धवला नको होता. कुठल्या आईला हवा असेल? पण मी भिंतीकडे तोंड केलं. ज्या मुलीला मी शब्द दिला, तिच्या लग्नात देव डीजेच्या पेटीतून बोलवणार होते.

त्याच आठवड्यात एक डबा आला. ज्या मुलीची हळद दळताना माझा धवला मोडला, तिला मुलगी झाली होती. डब्यात बर्फी होती आणि तिच्या आईचा निरोप, बाय, मनान काय ठेवू नको. मी दोन बर्फ्या लागोपाठ खाल्ल्या.

मागून कोण म्हणतं

भाविकाला मी शिरगावचं सांगितलं नव्हतं. शीतलनं चुगली केली. मला वाटलं ओरडेल. तिनं माझ्यासमोर स्टूल ओढलं आणि म्हणाली, "आंटी, गाके दिखाओ. एक लाईन."

व्यायामाच्या खोलीत, रबरी चेंडू आणि पट्ट्यांच्या मधे बसून, मी एक ओळ म्हटली. आणि सवयीनं थांबले.

"रुकी क्यूँ? दम लागला?"

"नाही गं. आता मागच्या बायका म्हणतात. तेवढ्यात मी श्वास घेते."

"हर लाईन के बाद?"

"हर लाईन के बाद. नाहीतर दोन-दोन तास कोण गाईल?"

भाविकानं विचारलं, "तो घर में पीछे से कौन बोलता है?"

घरात मी ओळीवर ओळ म्हणत होते. भाकरी, भांडी, धुणं, पाहुणे, पुन्हा भाकरी. मागून कुणी उचलायची वाट मी कधी पाहिलीच नाही, आणि कुणी उचलायला आलं तर मीच हात झटकत होते. भाविका म्हणाली, थकल्यावर बसायचं नाही, थकायच्या आधी बसायचं. हे वाक्य ती महिनाभर हिंदीत, मराठीत, कागदावर लिहून सांगत होती. माझ्या डोक्यात त्या दिवशी शिरलं.

मग आम्ही घरात तसं बसवलं. मी पीठ मळते, मग दहा मिनिटं बसते, भाकऱ्या शीतल थापते. तिच्या भाकऱ्या नकाशासारख्या होतात आणि आम्ही त्या खातो. एका दिवसाला एकच मोठं काम. टीव्ही आणि मिक्सर एकत्र नाही. अकरा ते बारा मी आडवी, पंतप्रधान आले तरी. मिस्टरांना शीतलनं गच्चीवर नेऊन काय सांगितलं मला ठाऊक नाही, पण दुसऱ्या दिवशी धुण्याची बादली त्यांनी उचलली. आळीतल्या बाप्यांनी बघितलं. ते म्हणाले, "बगताव काय? बादली बगली नाय कवा?" त्या दिवशी मला माझा नवरा फार देखणा दिसला, आणि हे मी त्यांना सांगितलंही.

असं जमायला पाच महिने लागले. मध्ये मी बऱ्याचदा नियम मोडले, आणि दर वेळी एक-दोन दिवस अंथरुणात फेडले.

सुनंदाला मी म्हणाले, मला एक संधी दे. पेन ड्राईव्ह खिशात ठेव हवं तर.

प्रणालीचं लग्न

सुनंदानं पेन ड्राईव्ह खरंच कमरेला खोचला होता.

तयारी सगळी शीतलची. आदल्या दिवशी मला कुणाशी बोलू दिलं नाही. सकाळी अंगणात डीजेवाला पेट्या लावत होता, त्याला जाऊन म्हणाली, "दादा, दहा वाजेपर्यंत एक बटण दाबायचं नाही. नंतर खुशाल भिंती हलवा." फक्त देव बोलवायचा धवला माझा, बाकीचे इतर बायकांनी वाटून घेतलेले. मला पाठ टेकायला खुर्ची. आजवर धवलारीण कधी खुर्चीत बसली नव्हती. काही बायकांनी तोंड वाकडं केलं, पण काकीनं खुर्चीशेजारी आपला पाट सरकवला आणि विषय संपला.

मी सुरू केलं. आवाज पहिल्यासारखा नव्हता, पण माझा होता. एक ओळ म्हणायची, आणि मागच्या बायका म्हणत असताना खरोखर थांबायचं, डोळे मिटून. पूर्वी मी त्या वेळात पुढची व्यवस्था बघायचे, कोण आलं, हळद कुठे आहे. या वेळी मी फक्त श्वास घेतला. घरातले देव आले. शिवेवरचे आले. समोर प्रणाली पिवळ्या साडीत बसली होती, माझ्या तोंडाकडे बघत.

डोंगरावरच्या देवांच्या अर्ध्यात ते आलं. मला आता ते ओळखता येतं. आधी आवाज कापसातून आल्यासारखे होतात, मग पुढचा शब्द समोर असून हाताला लागत नाही. अजून चार-पाच देव राहिले होते आणि शेवटी गावदेवी. शिरगावसारखं रेटलं तर कदाचित पोचलेही असते. पण मग प्रणालीच्या लग्नात मी आतल्या खोलीत पडलेली असते. आणि थांबले तर तिचाच धवला मोडणार होता, ज्यासाठी मी सव्वा वर्ष जगले तोच. सुनंदाचा हात कमरेकडे गेलेला मला दिसला.

मी काहीच केलं नाही. फक्त काकीच्या गुडघ्यावर हात ठेवला.

मागच्या बायकांची ओळ संपली. एक क्षण जात्याचाच आवाज. आणि मग हिराकाकीनं पुढची ओळ म्हटली. पुढून. तिच्या त्या फाटक्या गळ्यानं, पण एकही शब्द इकडचा तिकडे नाही. बायका चपापल्या, आणि त्यांनी ओळ उचलली. काकीनं पुढचा देव बोलवला. मग त्याच्या पुढचा. माझ्या सासूच्या वेळचे दोन देव मी कधीच गाळून टाकले होते, तेही तिनं बोलवले. जातं थांबलं नाही.

मी खुर्चीत टेकून मागच्या बायकांबरोबर म्हणत होते. जन्मात पहिल्यांदा. गावदेवीचं नाव आलं तेव्हा प्रणाली रडत होती, सुनंदा रडत होती, आणि शीतल, जिला आमची बोली धड येत नाही, ती सगळ्यांत मोठ्यानं म्हणत होती.

धवला पुरा झाला. मग मी आत जाऊन झोपले. डीजे लागला, भिंती हलल्या, कानात कापूस घालून मी दोन तास झोपले, उठले आणि हळदीनं पिवळी होऊन आले.

नंतर मी काकीला विचारलं, "काकी, सगळं येत होतं तुला. तीस वर्षं बोलली का नाहीस?"

"तू व्हतीस ना," ती म्हणाली. "आन मना कुनी इचारला नाय."

थकवा आहे अजून. बहुतेक राहील. आता आमच्याकडच्या लग्नांत आम्ही दोघी बसतो, अर्धा तिचा, अर्धा माझा, आणि साड्या दोन लागतात. तिची पाळी असते तेव्हा मी मागून म्हणते. मला वाटायचं ते सोपं काम आहे. ते सोपं नाही. पुढची बाई कधी श्वास घेईल, कुठे ओढेल, कुठे सोडेल, हे आधी कळावं लागतं, आणि त्यासाठी सारा वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहावं लागतं. एक क्षणही नजर हलवून चालत नाही. तीस वर्षं हिराकाकी माझ्या तोंडाकडे तसं बघत होती. म्हणून त्या सकाळी तिला दिसलं.